चार किलो नऊशे

मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आणि लग्न का झालं नाही हेही विचारलं नाही. बदनापुरात हे तीन प्रश्न पाणी द्यायच्या आधी येतात. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, दोनदा वर-खाली केली आणि म्हणाले, "साडेसहा किलो. पुस्तकं न्हाईत. पीठ हाय." धावड्याहून निघताना आईनं ज्वारीचं पीठ बांधून दिलं होतं. मी कृषी कार्यालयात नोकरीला, माझ्या टेबलाशेजारीच बियाणं तोलायचा काटा. खोली लगेच घेतली आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम पिशवी ऑफिसला घेऊन गेले. सहा किलो चारशे भरलं. संध्याकाळी मोठ्या खुशीत त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "रात्री भाकरी केली असंल तुमी. एकच." एकच केली होती. मी गप माडीवर निघून गेले.

घरमालक काका जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चाळीस वर्षं मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की त्याचं वजन मोठ्यानं पुकारायचं, हे मापाड्याचं काम. लिहिणारा ऐकून लिहितो, व्यापारी ऐकतो, शेतकरी ऐकतो, आणि पुकारलं ते वजन. काका म्हणायचे, "काटा मुका असतोय. त्याचं तोंड म्हंजे आपण." हे तोंड त्यांनी इतकं जपलं होतं की निवृत्त झाल्यावरही त्याला सुट्टी दिली नाही. भाजी, दगड, शेजाऱ्याची मांजर, जे हातात येईल त्याचं वजन सांगायचे. गल्लीत एका घरी बारसं होतं. सगळ्या बायका बाळाला घेऊन "गोड आहे, गोड आहे" करत होत्या. काकांनी बाळ हातावर घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "पावणेतीन. कमी हाय." बाळाच्या आजीनं त्यांच्याशी वर्षभर बोलणं टाकलं. काकांना त्याचं काही वाटलं नाही. बाळ साडेचारचं झाल्यावर स्वतः जाऊन सांगून आले की आता बराबर हाय.

मोजताना ते कधी "एक" म्हणायचे नाहीत. मोंढ्यात पहिल्या मापाला "लाभ" म्हणतात, मग दोन, मग तीन. घरातही तेच. जिन्याच्या पायऱ्या लाभपासून, औषधाच्या गोळ्या लाभपासून.

एकदा म्हणे एका व्यापाऱ्यानं त्यांना पोत्यामागं किलोभर कमी पुकार म्हणून कानात सांगितलं. काकांनी तिथंच, त्याच आवाजात पुकारलं, "एक्याण्णव किलो, आणि शेठ म्हणतेत नव्वद सांग." पुढं दोन महिने त्यांना कुणी काट्यावर बसू दिलं नाही. पण हे रोज सकाळच्या गाडीनं जालन्याला जायचे, मोंढ्यातल्या झाडाखाली बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे. ही गोष्ट मला काकूंनी सांगितली. सांगताना कपाळाला हात लावायच्या. "अशा माणसासोबत संसार म्हंजे काय असतंय, तुला न्हाई कळायचं बाई." पण मी बघितलंय, ही गोष्ट त्या गल्लीत नव्या आलेल्या प्रत्येक बाईला सांगायच्या, अगदी न विचारता.

खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मला काका अजिबात आवडले नाहीत. सतत खरं बोलणाऱ्या माणसाच्या घरात राहणं म्हणजे डोक्याला ताप. मी आजारी पडले तर "बारीक झाल्या" म्हणायचे, बरी झाले तर "सुजल्या" म्हणायचे. मी टिकले ती काकूंच्या भाकरीमुळं. तशी भाकरी मी माझ्या आईच्या हातचीही खाल्ली नाही, आणि हे आईला माहीत नाही म्हणून बरंय. कागदासारखी पातळ, कडेपर्यंत सारखी, तव्यावरून उतरताना टम्म. कुणाचंही लग्नकार्य असलं की बदनापुरातून काकूंना बोलावणं यायचं. पाच-पाच चुली पेटलेल्या असायच्या आणि मधल्या चुलीवर काकू. काका या भाकरीला हातावर घ्यायचे आणि काही म्हणायचे नाहीत. काही न म्हणणं हे त्यांचं कौतुक होतं.

दुसऱ्या वर्षी काकूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून आल्या तेव्हा बोलणं तुटक झालेलं, तोंडाची उजवी बाजू खाली आलेली, आणि उजवा हात मांडीवर ठेवलेला असायचा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की हाताला काम द्या, पीठ मळायला द्या. काकांनी दुसऱ्याच दिवशी काठवटीत ज्वारीचं पीठ घेऊन त्यांच्यापुढं ठेवलं. अर्ध्या तासानं एक भाकरी झाली, म्हणजे झाली नाहीच. तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे पडले. काकूंनी डाव्या हातानं काठवट ढकलून दिली आणि म्हणाल्या, "संपलं." त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. जेवायला दिलं तर दोन घास खायच्या, नाही दिलं तर मागायच्या नाहीत. त्यांची सून बिचारी चांगली होती, ताट घेऊन तासतास बसायची. मुलगा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, तो ड्युटीवरून आला की आईजवळ बसून मोबाइल बघायचा, कारण काय बोलावं ते त्याला सुचायचं नाही.

अशा घरात एका रविवारी पिझ्झा आला.

आला म्हणजे विकत नाही. काकांनी सुनेला विचारलं, "ते पोरं खातेत ते काय असतंय, चीजचं? त्याला पीठ मळावं लागतं का?" सुनेनं मोबाइलवर दाखवलं. काकांनी तो व्हिडिओ चार वेळा बघितला, कागदावर वजनं उतरवली आणि जालन्याहून यीस्ट, चीज असलं सगळं सामान आणलं. भट्टी नाही, मग जाड बुडाच्या पातेल्यात खडेमीठ पसरून त्यावर ताटली ठेवायची आणि वर झाकण, असं सुनेनं शोधून काढलं. आणि मळायचं पीठ काकांनी काकूंच्या मांडीजवळ नेऊन ठेवलं, स्टीलच्या परातीत.

मी जिन्यातून हे बघत होते. मला राग आला. पेशंट बाईला मैदा खायला घालायला निघालेत, ह्या वयात पिझ्झाचे डोहाळे. संध्याकाळी गच्चीवर काका भेटले तेव्हा मी बोललेच, "काका, हे काय खूळ काढलं?"

ते कठड्याला टेकून उभे होते. म्हणाले, "मॅडम, भाकरी कशी असाया पायजे हे तिला माहीत हाय. साऱ्या बदनापूरला माहीत हाय. तिनं भाकरी बिघडवली की तिला कळतंय, हात गेला. पिझ्झा कसा असाया पायजे हे आमच्या घरात कुणाला माहीत हाय? वाकडा झाला तरी पिझ्झाच. जाड झाला तरी पिझ्झाच. तिला तिची चूक सापडायची न्हाई."

त्या दिवसापासून ते मला आवडायला लागले, आणि माझं पुढचं सगळं चुकलं ते त्यामुळंच.

मग दर रविवारी पिझ्झा. काकांनी नियम घातला, "ज्याचा हात पिठाला, त्याचा घास पोटाला." मुलगा, सून, भाडेकरू, कुणाला सूट नाही. सकाळी दहाला सगळे स्वयंपाकघरात खाली बसायचे. परात मधे, काकू भिंतीला टेकून. पहिलं मळणं काकूंचं, उजव्या हातानं. डाव्या हातानं मदत केली की काका बोट वर करायचे. ते मोजत बसायचे, "लाभ… दोन… तीन…" आणि तीसपर्यंत न्यायचे. मग परात आमच्याकडं यायची. पीठ फुगायला म्हणून मुलाच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवायचं. तोपर्यंत मी कांदा कापायचे, सून ढोबळी मिरची, मुलगा चीज किसायचा नि किसता किसता खायचा. गोळे पाचही सारख्या वजनाचे, एकाला पाच ग्रॅम जास्त लागलं तर काका काढून घ्यायचे. एका रविवारी दारची मोसंबी पडून होती म्हणून काकांनी तिच्या फोडी पिझ्झ्यावर लावल्या. असा कडू घास मी जन्मात खाल्ला नव्हता. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि काकू म्हणाल्या, "अजून… तुमचं… डोकं घाला… त्याच्यात." दोन महिन्यांत त्यांनी सलग बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. मुलगा एवढा हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना, म्हणून तो उठून बाहेर गेला.

काकू खायला लागल्या. आपण मळलेलं आहे म्हणून खायच्या. जवळच्या ताटलीतला तुकडा उचलून बघायच्या, उलटा करून बघायच्या, आणि म्हणायच्या, "बरा… हाय की."

आता त्या काट्याचं सांगते.

काकांकडं मोंढ्यातला एक जुना स्प्रिंगचा काटा होता, टांगून वजन करायचा. त्याच्या तबकडीवरचे आकडे झिजून गेलेले, काकांशिवाय कुणाला वाचता यायचे नाहीत. तो त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला आडवा बांधला आणि खालच्या हुकाला साडीच्या काठाची गाठ मारली. मळणं झालं की काकूंनी ती गाठ उजव्या हातात धरून ओढायची, आणि काकांनी वजन पुकारायचं. पहिल्या दिवशी अडीच किलो. काका म्हणाले, "पाच किलो झालं की तू भाकरी करशील. पाचाच्या खाली भाकरी न्हाई."

पाच का, ते मला माहीत नाही. काकांनी कुठून तरी ठरवलं होतं. पण त्या आकड्यानं काकूंना धरलं. त्या रोज सकाळी सुनेला विचारायच्या, "रविवार… कधी हाय?" हाताच्या व्यायामाला म्हणून उशीखाली चिंधीची गुंडाळी ठेवली होती, ती आठवडाभर दाबत राहायच्या. दोन सहाशे, दोन आठशे, तीन, तीन दोनशे. प्रत्येक आकड्याला मुलगा टाळी वाजवायचा. मला काकू एकदा हळूच म्हणाल्या होत्या, "डॉक्टर… खोटं बोलतेत. हे… बोलणार न्हाईत." त्यांच्या नवऱ्याचं तोंड म्हणजे काटा, आणि त्यावर त्यांनी आयुष्यभर भरवसा ठेवला होता.

पुढच्या रविवारी काकांनी "तीन दोनशे" पुकारलं, म्हणजे होतं तेवढंच. दुपारी ते जिना चढून माझ्या खोलीवर आले. तीन वर्षांत ते माझ्या खोलीवर आल्याचं मला तेवढंच आठवतं. दारातच उभे राहिले.

"मॅडम, आज तीनच भरलं. दोनशे उतरलं. मी तीन दोनशे सांगितलं. तोंडातून निघून गेलं."

त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, यांच्या हातून खून झाला. मी जेवून आडवी झाले होते, माझी झोपमोड झाली होती आणि मला या माणसाची दया आली होती. तिन्ही एकत्र झालं आणि मी म्हणाले, "मग काय झालं काका? पुढच्या वेळी तीन तीनशे सांगा. शंभर ग्रॅमनं काय आभाळ कोसळतंय? आनंदात राहिल्या तर हात आपोआप सुधारेल."

ते म्हणाले, "तसं होतंय?"

मी म्हणाले, "होतं. वाचलंय मी." मी काहीही वाचलेलं नव्हतं.

ते खोटं माझं होतं. काकांच्या तोंडातून बाहेर पडत राहिलं, पण पेरलं मी.

पुढच्या रविवारी त्यांनी तीन तीनशे पुकारलं. आवाज तोच, खडखडीत. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. नंतर दर रविवारी शंभर, कधी पन्नास. शंभर सांगताना त्यांचा जीव जायचा, म्हणून पन्नासवर यायचे. खरा काटा मात्र खाली खाली चालला होता. ते मला जिन्यात गाठून खरा आकडा सांगायचे, "दोन सातशे." "दोन चारशे." कुणाला तरी खरं सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नव्हतं. मी म्हणायचे, "थांबा काका, वर येईल." डॉक्टरांनी मुलाला केव्हाच सांगितलं होतं की आता यायचं ते येऊन गेलं. काकूंचं मळून झालं की सून परात आडोशाला नेऊन पुन्हा पहिल्यापासून मळायची. सगळ्या घराला थोडं थोडं माहीत होतं. फक्त काकूंना माहीत नव्हतं, आणि त्या दिवसेंदिवस ताज्या होत चालल्या होत्या. केस विंचरून घ्यायच्या. शेजारणीला सांगून ठेवलं होतं की तुझ्या पोरीच्या लग्नात मधली चूल माझी.

चार आठशे झालं. चार नऊशे झालं. आणि तिथं काका अडकले.

पुढं पाच. पाच म्हणजे भाकरी. भाकरी म्हणजे तव्यावर तीन तुकडे. त्यांनी दुसऱ्या रविवारी पुन्हा चार नऊशे पुकारलं. तिसऱ्या रविवारी चार नऊशे. मी त्यांना म्हटलं, "काका, आता उतरवत आणा हळूहळू." ते म्हणाले, "मॅडम, चढवलेलं वजन कसं उतरवायचं? ती उशीखालची गुंडाळी दाबू दाबू रात काढून राह्यली." मी ऑफिसच्या कामाचं निमित्त करून तो आठवडा त्यांना टाळलं.

चौथ्या रविवारी पातेल्यात मीठ तापलेलं, पहिला पिझ्झा आत गेलेला. काकूंनी साडीच्या काठाची ती गाठ धरली. पाय भिंतीला लावला आणि सगळं अंग मागं टाकून ओढलं. मानेच्या शिरा दिसत होत्या. काका वाकून तबकडी बघत राहिले.

"चार किलो नऊशे."

काकूंनी गाठ सोडली. त्या धापा टाकत होत्या. मग त्यांच्याकडं बघून एकेक शब्द काढून म्हणाल्या, "तुम्ही… काटा… मारून राह्यले."

मुलगा म्हणाला, "आई, काय बोलती?"

"मारून राह्यले. पाच… कवाच झालं. मला… भाकरी… करू द्यायची न्हाई… ह्यान्ला."

चाळीस वर्षांत कुणी, अगदी त्या व्यापाऱ्यानंसुद्धा, त्यांना हे म्हटलं नव्हतं. काका उभे होते ते खाली बसले. मला वाटलं, आता रडतील. पण त्यांनी पुकारलं. मोंढ्यात पुकारायचे त्याच आवाजात.

"एक किलो सातशे पन्नास."

कुणालाच काही कळेना. काकूंनी विचारलं, "काय?"

"आजचं खरं वजन. एक किलो सातशे पन्नास. मागच्या रविवारचं एक आठशे. त्याच्या मागचं एक नऊशे. त्याच्या मागचं दोन." आणि ते मागं मागं जात राहिले. एकही रविवार चुकला नाही. मुलगा "बाबा, बस करा, बाबा" म्हणत होता. सून पदर तोंडात धरून उभी होती. पातेल्यातून जळका वास यायला लागला तरी कुणी उठलं नाही. ते पार तीन किलोपर्यंत मागं गेले, जिथून खोटं सुरू झालं होतं, आणि तिथं थांबले.

माझे दोन्ही हात पिठानं भरले होते. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की काकू, हे यांचं नाही, माझं आहे. दारात उभं राहून यांनी मला विचारलं आणि मी सांगितलं. मी हात धुतले आणि वर निघून गेले.

त्यानंतर काकू भिंतीकडं तोंड करून राहिल्या. चिंधीची गुंडाळी खाली पडली ती कुणी उचलली नाही. पुन्हा दोन घास, पुन्हा मौन. काकांनी खिडकीचा काटा सोडून माळ्यावर टाकला. रविवार आला नि गेला, परात कुणी काढली नाही.

एक दिवस सकाळी मी ऑफिसला निघाले होते. जिना उतरताना थापल्याचा आवाज आला, थांबत थांबत. एक थाप, मग काही नाही, मग दुसरी. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. काकू चुलीजवळ बसलेल्या, पुढं काठवट, डावा हात उजव्याच्या मनगटाला धरून थापत होता. काका समोर बसले होते, हात मांडीवर. मी तिथून जायला हवं होतं, पण पाय निघेना. भाकरी तव्यावर गेली, एका बाजूनं फाटली, पण आख्खी राहिली. काकूंनी डाव्या हातानं ती काढून काकांच्या हातावर ठेवली.

"कशी… हाय?"

काकांनी भाकरी हातावर घेतली. मान खाली घालून बघत राहिले. मी दारातून मनात म्हटलं, काका, एकदाच. बरी आहे म्हणा.

"दोनशे ग्रॅम," ते म्हणाले. "कडा जाड हायत. मधी कच्ची हाय."

आणि काकू हसल्या. आवाज नाही. तोंडाची डावी बाजू तेवढी वर गेली, डोळे बारीक झाले. मी त्यांना आजारपणानंतर तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. चार किलो नऊशेलासुद्धा नाही. काका मान खाली घालून भाकरी मोडत होते. सगळी भाकरी त्यांनी खाल्ली, कच्च्या भागासकट, आणि तोपर्यंत काकूंनी तोंड परत पहिल्यासारखं करून घेतलं होतं.

पुढच्याच आठवड्यात दुपारी काकूंना पुन्हा झटका आला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

नंतर काकांनी वजन सांगणं सोडलं. मी दूध आणलं, भाजी आणली, पिशवी मुद्दाम त्यांच्या हातात दिली. ते घ्यायचे आणि बाजूला ठेवायचे. शेजारणीच्या पोरीच्या लग्नाला गेले नाहीत. माझी अंबडला बदली झाली तेव्हा सामान टेम्पोत चढवून मी निरोप घ्यायला गेले. ते ओट्यावर बसले होते. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि इतके दिवस गिळून ठेवलेलं बोलले.

"काका, चूक माझी होती. मी तुम्हाला खोटं बोलायला लावलं."

ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "न्हाई मॅडम. मी रोज हिशोब करून राह्यलो. खोट्यावर ती सात महिने जगली. केस विंचरून जगली. खऱ्यावर एकवीस दिवस."

मला रडू आलं. मी म्हणाले, "काका, तसं नाही. त्या दिवशी भाकरी कच्ची आहे म्हणालात ना, तेव्हा काकू हसल्या होत्या."

त्यांनी मान वळवली. "हसली व्हती?"

"हो. तुम्ही भाकरीकडं बघत होता. मी दारात होते, मी बघितलं. त्या सात महिन्यांत एकदाही तशा हसल्या नव्हत्या."

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी नजर खाली घेतली नाही. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लई चांगलं मन हाय तुमचं, मॅडम." आणि उठून आत गेले.

त्या हसल्या होत्या. मी खरं सांगते, त्या हसल्या होत्या.